होस्ट फॅमिलीकडे राहायला जाणाऱ्या एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी: घर, शाळा, पैसे आणि बिनसलं तर काय करायचं

पाऊलवाट (धागाकर्ती)

पंधरा ते अठरा वयाची मुलं शाळेच्या एका सत्रासाठी किंवा पूर्ण वर्षासाठी परदेशी कुटुंबात राहायला जातात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा धागा. निवड कशी होते, मुलाखतीत काय विचारतात यावर माहिती भरपूर मिळते. निवड झाल्यावर दुसऱ्याच्या घरात दहा महिने नांदायचं कसं, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. कृपया कोणती संस्था चांगली यावर इथे वाद नको.

सुरुवात करून देते. होस्ट फॅमिलीशी बिनसतं तेव्हा मागे मोठं भांडण क्वचितच असतं. दोन्हीकडचे मनातले अंदाज चुकलेले असतात. मुलाला वाटतं, कोणी सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही हीच सभ्यता. घरच्यांना वाटतं, हा स्वतःला पाहुणा समजतो, ताटसुद्धा उचलत नाही. दोघंही भिडेपोटी गप्प बसतात आणि दीड-दोन महिन्यांनी कोऑर्डिनेटरकडे (संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीकडे) तक्रार जाते.

यावर रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला एक साधा उपाय आहे, 'पहिल्या रात्रीचे प्रश्न'. मूल घरी पोहोचलं की होस्ट आई-बाबांसमोर बसून यादी वाचायची आणि उत्तरं लिहून घ्यायची. तुम्हाला काय हाक मारू? रोज माझ्याकडून कोणती कामं अपेक्षित आहेत? मळके कपडे कुठे टाकू, मशीन मी लावायचं की तुम्ही? सकाळी बाथरूम माझ्यासाठी कधी मोकळं असेल? भूक लागली तर न विचारता फ्रिज उघडलेला चालेल का, आणि त्यातलं कशाला हात लावायचा नाही? शाळेच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठायचं, रात्री किती वाजेपर्यंत घरात हवं? मित्रांना घरी बोलावलं तर चालेल का? खोलीचं दार बंद ठेवलं तर वाईट वाटेल का? आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्रश्न: कोणत्या गोष्टीची तुम्हाला चीड येते?

हे रोटरीपुरतंच आहे असं नाही. कोणत्याही संस्थेतून जा, यादी सोबत ठेवा.

दूरस्थ

अनुमोदन, पण एक दुरुस्ती. सगळे प्रश्न पहिल्याच रात्री विचारू नयेत. लांबच्या प्रवासानंतर आणि सात-आठ तासांच्या वेळफरकात मूल उत्तरं ऐकतं आणि सकाळी विसरतं. पहिल्या रात्री चारच गोष्टी विचारा: बाथरूम, वायफाय, सकाळी उठायची वेळ आणि नाश्ता स्वतः घ्यायचा की वाट पाहायची. उरलेली यादी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेवणानंतर सगळे निवांत बसतात तेव्हा काढा.

यादी होस्ट कुटुंबाच्या भाषेत भाषांतर करून दोन प्रतींत न्या. बोलताना लाज वाटते असे विषय (पाळी, सॅनिटरी पॅड कुठे टाकायचे, घरातल्या कोणाचं मद्यपान) कागदावर असले की विचारणं सोपं जातं. आणि महिन्याभराने तीच यादी पुन्हा काढा. तोवर घरच्यांनाही नक्की काय खटकतंय ते कळलेलं असतं.

केशरी_ढग

बाथरूमबद्दल सविस्तर लिहिते, कारण पहिल्या पंधरवड्यातल्या कुरबुरी बहुतेक तिथूनच निघतात.

बऱ्याच देशांत बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला मोरी नसते. लाकडी किंवा विनाईलची फरशी, खाली दुसऱ्या मजल्याचं छत. टबमध्ये उभं राहून शॉवर घेताना पडद्याची खालची कड टबच्या आत सोडायची असते. ती बाहेर राहिली की पाणी पडद्यावरून ओघळून थेट जमिनीवर येतं, फरशीच्या सांध्यात मुरतं आणि काही दिवसांत खालच्या छतावर डाग उमटतो. दुरुस्ती महाग असते आणि मुलाला कारणच माहीत नसतं. पडदा दुहेरी असेल तर आतला प्लास्टिकचा टबच्या आत, बाहेरचा कापडी टबच्या बाहेर. अंघोळ झाली की पडदा पूर्ण पसरून ठेवायचा, गोळा करून ठेवला तर बुरशी धरते. पंखा असेल तर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा.

गरम पाणी: पुष्कळ घरांत टाकीचा हीटर असतो, साधारण दीडशे-दोनशे लिटरचा. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर घेतो. एकाने वीस मिनिटं शॉवर घेतला की पुढच्याला गार पाणी, कारण टाकी पुन्हा तापायला बराच वेळ लागतो. म्हणून पाच-सात मिनिटांचा आग्रह असतो. तो कंजूषपणा नाही.

कपडे: मशीनचा ड्रम तीन-चतुर्थांशपेक्षा जास्त भरू नका. साबण झाकणावरच्या खुणेपर्यंतच घ्या. जास्त घातला तर फेस धुऊन निघत नाही आणि कपडे चिकट राहतात. लोकर गरम पाण्यात किंवा ड्रायरमध्ये गेली तर आटते, ती पुन्हा मूळ मापाला येत नाही. ड्रायरची जाळी प्रत्येक खेपेनंतर हाताने साफ करायची. साठलेल्या तंतूंमुळे आग लागू शकते. गडद रंगाचे नवे कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळेच धुवा. होस्ट आईचे पांढरे कपडे गुलाबी करून तिची मर्जी राखणं अवघड आहे.

रानवारा

छान माहिती. केस सरळ करायचं यंत्र, ट्रिमर वगैरे नेताना काय पाहायचं?

केशरी_ढग

@रानवारा, उपकरणावरची बारीक अक्षरं वाचा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर फक्त पिनांचा अडॅप्टर लागेल. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर सहसा असेच असतात. '२२०-२४०' एवढंच लिहिलं असेल तर उत्तर अमेरिकेत (१२० व्होल्ट) किंवा जपानमध्ये (१०० व्होल्ट) ते यंत्र धड तापणार नाही. उलट १२० व्होल्टचं उपकरण २३० वर लावलं तर जळतं. अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. केसांची यंत्रं घरीच ठेवा, तिथे गेल्यावर घ्या.

तिसरी_घंटा

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी नियमांचा भाग लिहितो. तिथे शालेय एक्स्चेंज जे-१ व्हिसावर (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर) चालतो आणि परराष्ट्र खात्याची लेखी नियमावली आहे. पालकांनी ती वाचावीच. आपल्या मुलाला काय मिळायलाच हवं हे माहीत असलं की दाद मागता येते.

कार्यक्रम सुरू होताना विद्यार्थी किमान १५ वर्षांचा आणि साडेअठरापेक्षा लहान हवा. त्याची अकरा वर्षांहून जास्त शाळा झालेली नको (यात बालवाडी धरत नाहीत). नियमात मात्र या अटी 'साडेअठरा किंवा अकरा वर्षं शाळा' अशा पर्यायी लिहिल्या आहेत, म्हणून वयाच्या सीमेवर असलेल्यांनी संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावं. मुक्काम जास्तीत जास्त एक शैक्षणिक वर्ष. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते आणि संस्थेचा माणूस प्रत्यक्ष घर पाहून येतो. मुलाला स्वतंत्र पलंग मिळायला हवा. सोफा-कम-बेड किंवा हवा भरायची गादी चालत नाही. खोलीत दुसरं कोणी असेल तर एकच व्यक्ती, तीही त्याच लिंगाची. अभ्यासाला जागा आणि सामान ठेवायला कपाट हवं. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल आणि मुलं नसतील, तर विद्यार्थी आणि त्याच्या पालकांची आधी लेखी संमती लागते. स्थानिक कोऑर्डिनेटर १२० मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने दर महिन्याला विद्यार्थ्याशी व होस्ट कुटुंबाशी, दोघांशीही, संपर्क करायचा असतो.

नोकरी करता येत नाही. अधूनमधून शेजाऱ्यांचं मूल सांभाळणं किंवा अंगणातलं काम एवढ्याला मुभा आहे.

होस्ट कुटुंबाला पैसे देता येत नाहीत. ते स्वेच्छेने ठेवून घेतात. हा मुद्दा वागण्याशी थेट जोडलेला आहे. भाषाशाळांच्या 'पेइंग' होमस्टेमध्ये कुटुंबाला दर आठवड्याचे पैसे मिळतात, तिथे मूल ग्राहक असतं. इथे ते घरातलं मूल असतं, म्हणून घरकाम, वेळेची बंधनं आणि रागावणंही येतं. या चळवळीची मुळंच तशी आहेत. एएफएस ही मुळात युद्धातल्या रुग्णवाहिका चालकांची संघटना, तिने दुसऱ्या महायुद्धानंतर शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. वायएफयूची (यूथ फॉर अंडरस्टँडिंग, अशीच दुसरी संस्था) सुरुवात १९५१ मध्ये झाली, जर्मन मुलांना मिशिगनमधल्या घरांत राहायला आणून. कालच्या शत्रूच्या मुलाला आपल्या घरात आपल्या मुलासारखं वागवायचं, ही त्यामागची कल्पना.

पाऊलवाट

@तिसरी_घंटा, विम्याबद्दलही लिहा ना.

तिसरी_घंटा

जे-१ साठी किमान अटी: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्यासाठी २५,०००, आणि स्वतः भरायची रक्कम प्रत्येक वेळी ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. पॉलिसीत तीन ओळी शोधा: दात, चष्मा आणि आधीपासून असलेले आजार. या तिन्ही गोष्टी बहुतेकदा वगळलेल्या असतात. म्हणून निघण्याआधी दात तपासून घ्या, तारा लावलेल्या असतील तर वर्षभराच्या घट्ट करण्याचं काय ते ठरवा, चष्म्याची एक जादा जोडी आणि नंबरची चिठ्ठी सोबत द्या.

औषधं मूळ वेष्टनात, घटकद्रव्याच्या नावासह लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी जोडून. ब्रँडचं नाव परदेशात उपयोगाचं नसतं. जपानला जाणाऱ्यांनी खास काळजी घ्या: अ‍ॅम्फेटामाइन असलेली लक्ष-विकाराची (एडीएचडी) औषधं चिठ्ठी असली तरी तिथे नेता येत नाहीत. लसीकरणाचा पूर्ण तक्ता तारखांसह न्या. तो अपुरा असेल तर शाळेत पहिल्या दिवशी बसू देत नाहीत आणि लस पुन्हा घ्यावी लागते.

सांजवेळ

पैशांचं बोलू. घरातलं जेवण होस्ट कुटुंबाकडून. फोन, कपडे, साबण-शाम्पू, शाळेच्या सहली, मित्रांबरोबरचं फिरणं स्वतःच्या पैशांनी. भांडण होतं ते मधल्या जागेत: शाळेतलं दुपारचं जेवण आणि कुटुंबाबरोबर बाहेर जेवायला जाणं. डबा घरून न्यायचा असेल तर तो घरच्या खर्चात येतो; कॅन्टीनमध्ये विकत घ्यायचं ठरलं तर काही संस्थांत तो विद्यार्थ्याचा खर्च असतो. हे करारात शोधा, सापडलं नाही तर पहिल्या आठवड्यात विचारा.

होस्ट कुटुंबाकडून उसने पैसे घेऊ नका आणि त्यांना देऊ नका. रक्कम कितीही लहान असो. त्यांनी मागितले तर कोऑर्डिनेटरला कळवा.

दोन कार्डं द्या, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगा. परदेशातला वापर बँकेत आधी सुरू करून घ्या. सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीवर: मूल तिथलं सिम टाकतं, घरचा नंबर बंद पडतो आणि ऑनलाइन व्यवहार थांबतात. उपाय दोन. घरचा नंबर ई-सिमवर चालू ठेवा आणि तिथलं सिम दुसऱ्या खाचेत घाला, किंवा खात्याला पालकांचा नंबर जोडा. दुसऱ्यात वेळफरकामुळे पालक झोपेत असतात, म्हणून पहिला बरा.

रानवारा

घरी फोन किती वेळा करावा? आमच्याकडे रोज व्हिडिओ कॉलचा आग्रह आहे.

दूरस्थ

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा-पाऊण तास. पहिले पंधरा दिवस दोनदा चालेल.

कारण भाषेचं आणि वेळेचं आहे. शाळेतून आल्यानंतरचे दोन-तीन तास हीच होस्ट भावंडांबरोबर बसायची, स्वयंपाकघरात मदत करायची वेळ. ती फोनवर गेली की मूल त्या घरात केवळ झोपायला उरतं. शिवाय दिवसभर परकी भाषा ऐकून दमलेला मेंदू मातृभाषेत शिरला की पुन्हा बाहेर यायला कुरकुरतो.

सांजवेळ

@दूरस्थ, सरसकट असं म्हणू नये. पहिल्या आठवड्यात रडू आलेल्या मुलाला 'रविवारीच बोल' म्हणणं मला क्रूर वाटतं. रोज दोन ओळींचा मजकूर आणि एक फोटो पाठवायला काय हरकत आहे? पालकांनी त्यावर लगेच कॉल लावू नये, एवढं पथ्य पाळावं.

दूरस्थ

मजकुराला हरकत नाहीच. माझा आक्षेप तासभर चालणाऱ्या रोजच्या कॉलला आहे. आणि रडू येण्याबद्दल: जुन्या ओरिएंटेशनमध्ये इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख दाखवतात. आधी आनंद, मग तीन-चार महिन्यांनी घसरण, मग सुधारणा. त्याचं मूळ लिसगार्ड यांच्या १९५५ मधल्या लेखात आहे, नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांवरचा. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांचं असं होत नाही हे दिसलं. पुष्कळांना अगदी सुरुवातीचेच दिवस सगळ्यात जड जातात. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात मूल खचलं तर 'अजून आनंदाचा काळ संपायचाय' असं म्हणून उडवून लावू नका. झोप, जेवण आणि अंघोळ नीट चालू आहे का ते विचारा. यातलं काही दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर कोऑर्डिनेटरशी बोला.

आणखी एक: युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ठरलेला कॉल त्या दिवसापासून तासाने सरकतो. न कळवता उशीर झाला की घरी विनाकारण घबराट होते.

मधली_सुट्टी

कुटुंब बदलायचं असेल तर प्रक्रिया काय? मागितलं तर मुलाचं नाव खराब होतं का?

सांजवेळ

नाव खराब होत नाही. कुटुंब बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे. रोटरीत तर वर्षभराच्या मुक्कामात एकाहून जास्त कुटुंबं आधीच ठरलेली असतात, पुष्कळदा तीन.

आधी दोन प्रकार वेगळे करा.

पहिला, सुरक्षिततेचा. नकोसा स्पर्श, लैंगिक बोलणं, मारहाण, घरात अमली पदार्थ, मद्यपान केलेल्या माणसाने गाडीत बसायला लावणं, जेवण कुलूपबंद ठेवणं, पासपोर्ट दडवणं, फोन काढून घेऊन पालकांशी बोलू न देणं. यात समजुतीने घ्यायचं, वाट पाहायची, पुरावा जमवायचा, असलं काही नाही. त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला फोन, तो उचलत नसेल तर संस्थेचा चोवीस तासांचा क्रमांक, आणि धोका समोर असेल तर थेट आपत्कालीन सेवा: युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, जपानमध्ये पोलिसांसाठी ११०. हे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन हातात नसताना त्यातले सेव्ह केलेले नंबर कुचकामी ठरतात. शाळेतले समुपदेशक किंवा शिक्षक हाही मार्ग आहे, आणि मुलांना तो सहसा सगळ्यात सोपा जातो.

पालकांशी एक सांकेतिक वाक्य आधीच ठरवून ठेवा, जे होस्ट कुटुंबासमोर बोललं तरी संशय येणार नाही.

दुसरा, न जमण्याचा. स्वभाव वेगळे, कामाचं वाटप, होस्ट भावंडाशी खटके, घर शाळेपासून फार लांब. इथे क्रम महत्त्वाचा. आधी होस्ट आई किंवा बाबांशी बोलायचं, एका वेळी एकाच मुद्द्यावर, आणि काय हवंय ते सांगून: 'शनिवारी मी किती तास मुलांना सांभाळायचं ते आपण ठरवू या का?' फरक पडला नाही तर कोऑर्डिनेटर. तो दोन्ही बाजूंना एकत्र बसवतो आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांचा लेखी समझोता करून देतो. त्यानंतरही जमलं नाही तर दुसरं घर शोधतात. ते मिळेपर्यंत मूल कधीकधी तात्पुरत्या कुटुंबात राहतं.

कोऑर्डिनेटरकडे जाताना 'ते माझ्याशी नीट वागत नाहीत' म्हणून भागत नाही. तारीख, काय घडलं, कोण काय म्हणालं, तुम्ही काय उत्तर दिलंत, अशा चार ओळी रोज वहीत लिहिलेल्या असतील तर निर्णय लवकर होतो.

पालकांनी होस्ट कुटुंबाला परस्पर फोन करून जाब विचारू नये. मूल त्याच घरात रात्री झोपणार असतं.

मधली_सुट्टी

आणि घरी परत पाठवतात ते कशामुळे?

तिसरी_घंटा

रोटरीत 'चार डी' म्हणतात: ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, ड्रग्ज, डेटिंग. इतर संस्थांचे नियम थोड्या फरकाने असेच आहेत. डेटिंगकडे सहसा गंभीर प्रेमप्रकरण टाळा या अर्थाने पाहतात. ड्रायव्हिंगला मात्र सूट नाही, आणि त्यात शेतावरचा ट्रॅक्टर, स्कूटर, मित्राची चारचाकी मोकळ्या मैदानात चालवून पाहणं हे सगळं येतं. मुलांना हे खरं वाटत नाही. कारण विम्याचं आहे.

परवानगीशिवाय दुसऱ्या शहरात मुक्काम करणं हेही गंभीर धरतात. प्रवासाचा अर्ज आधी भरायचा, कोण प्रौढ सोबत आहे ते लिहायचं.

केशरी_ढग

एका कुटुंबातून दुसऱ्याकडे जाताना: सामान तोवर दीडपट झालेलं असतं, म्हणून आठवडाभर आधी आवरायला घ्या. खोली रिकामी करून पलंगाखालून झाडा, चादरी धुऊन घडी करून ठेवा, किल्ली हातात द्या. नव्या घरी जुन्या घराची निंदा नको आणि वारेमाप कौतुकही नको. दोन्ही नव्या होस्ट आईला खुपतं. पहिल्या रात्रीचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारा. आधीच्या घरात चालत होतं ते इथे चालेलच असं नाही.

पाऊलवाट

शाळेचा मुद्दा राहिला. वर्ष वाया जाऊ नये म्हणून काय करायचं?

तिसरी_घंटा

जायच्या आधी मायदेशातल्या शाळेकडून लेखी घ्या: परत आल्यावर कोणत्या इयत्तेत घेणार, कोणते विषय केलेले असायला हवेत, कोणती परीक्षा द्यावी लागेल. ते पत्र घेऊन तिथल्या समुपदेशकाकडे पहिल्याच आठवड्यात जा, कारण विषय बदलायची मुदत सत्र सुरू झाल्यावर थोडेच दिवस असते. ती चुकली की गणिताच्या जागी जे मिळेल ते सत्रभर करावं लागतं. तिथला हायस्कूल डिप्लोमा किंवा शेवटच्या वर्षाचं प्रमाणपत्र मिळेलच असं गृहीत धरू नका. ते त्या शाळेच्या मर्जीवर असतं. खेळाच्या संघात जायचं असेल तर पात्रतेचा अर्ज पहिल्याच दिवशी मागा, वैद्यकीय तपासणीचा कागद लागतोच.

परत निघण्यापूर्वी तिथल्या शाळेकडून गुणपत्रिकेच्या दोन प्रती सीलबंद लिफाफ्यात, शाळेच्या शिक्क्यासह घ्या, आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम एकेका पानावर मागून घ्या. समकक्षता ठरवताना विषयाचं नुसतं नाव पुरत नाही, त्यात काय शिकवलं ते पाहतात. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वर्षाअखेर शाळेचं कार्यालय सुट्टीवर जातं आणि मग परदेशातून ईमेलवर ते कागद मिळवायला महिने लागतात.